मोडून दाखवलेली भट्टी

रेनातोनं लोखंडाच्या ढिगाभोवती पुन्हा एक चक्कर मारली, खाली बसून एका वाकड्या पत्र्याची आतली बाजू नखानं खरवडली आणि बोट रुमालाला पुसलं.

"हीच ती भट्टी?" त्यानं मला इंग्रजीत विचारलं.

"काय म्हणतोय त्यो?" अण्णा मला म्हणाले.

"हीच आपली जुनी भट्टी का, म्हणून विचारतोय."

"मग दुसऱ्या कुणाची आणून टाकू? हो म्हणून सांग."

मी हो म्हणून सांगितलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. रेनातोनं मान हलवली, पण तो उठला नाही. त्या पत्र्याकडे बघत बसला, आणि अण्णा त्याच्याकडे.

ही गोष्ट पुष्कळ जुनी आहे. शिरोलीच्या एमआयडीसीत भूपालअण्णा मगदुमांची फाउंड्री होती. तिथं पंपाच्या बॉड्या आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतले जात. मी तिथली मेटॅलर्जिस्ट. बाईमाणसाला भट्टीजवळ उभं करायला कोल्हापुरात कुणी तयार नव्हतं, तेव्हा अण्णांनी मला एवढंच विचारलं होतं, "उष्णता सोसते काय?" मी सोसते म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. आईच्या आजारपणात त्यांनी मला न मागता रजा दिली होती. त्यांच्या शब्दावर शंका घ्यावी असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

जुनी भट्टी म्हणजे क्युपोला, दोन मजली उंचीचं एक उभं लोखंडी नळकांडं. वरून कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, आणि भंगाराचे थर टाकायचे, खालून वारा द्यायचा आणि तळाच्या तोंडातून लोखंडाचा रस काढायचा. रस चांगला यायचा, पण धूर असा, की मागच्या वस्तीतल्या बायकांनी बाहेर कपडे वाळत घालणं सोडून दिलं होतं. मग एका इटालियन कंपनीनं अण्णांच्या कारखान्यात अर्धी भागीदारी घेतली. त्यांनी विजेची भट्टी दिली, रस तपासायची यंत्रं दिली आणि आमच्या लोकांना शिकवायला रेनातोला पाठवलं. अट एकच होती. जुनी भट्टी मोडायची. नवी आली तरी जुनी जळतच राहिली, तर धूर कमी होणार कसा, असं त्यांचं म्हणणं.

मोडली तेव्हा मी मिरजेला आईच्या उशाशी होते. परत आले, तर भट्टीची जागा झाडून स्वच्छ केलेली आणि कारखान्याच्या मागं हा पत्र्यांचा ढीग.

त्या दिवशी रेनातो गेल्यावर अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मृदुला, ह्या माणसाच्या मनात काय हाय?"

"अट पाळली का, ते बघत असेल."

"अट काय म्हणून घातली, त्याचा विचार केलास कधी? माझी भट्टी मोडली, की रस काढायला त्यांच्याशिवाय दुसरा इलाज न्हाई. कॉइल जळाली, त्यांच्याकडून आणा. पॅनेल बिघडलं, त्यांचा माणूस बोलवा. आज अर्धा वाटा घेतलाय, उद्या सगळा घेतील. मला शिकवायला आलाय म्हणतात. मला वाटतं, माझं घर बघायला आलाय."

मला ते पटलं. रेनातोचं वागणंच तसं होतं. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, मनगटापर्यंत भाजल्याच्या खुणा असलेला माणूस. शिकवताना जीव ओतून शिकवायचा. पण काम संपलं की गेटवर जाऊन उभा राहायचा आणि येणारेजाणारे ट्रक बघत बसायचा. वॉचमनशी खाणाखुणांनी बोलायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "इथून पूर्वेकडे नदीच्या काठानं कोणती गावं आहेत?" मी म्हटलं, कशाला हवी आहेत? तर म्हणाला, "सहज."

"दुसरी फाउंड्री शोधतोय," अण्णा म्हणाले. "मला पाडून दुसऱ्याला धरायचा डाव हाय. तू त्याच्यासंगं असतीस. जरा डोळा ठेव."

मी डोळा ठेवला. तो कुणाला फोन करतो, काय विचारतो, ते अण्णांना सांगत राहिले. रेनातोच्या लक्षात आलं असणार. तो माझ्याशी पहिल्यासारखं मोकळं बोलेनासा झाला. एकाच भट्टीपुढं आम्ही दोघं उभे राहायचो, तो रसाचा रंग दाखवायचा, मी मान डोलवायची, आणि दोघांनाही एकमेकांचा भरवसा नसायचा.

एका रविवारी त्यानं खिद्रापूरचं देऊळ बघायला यायची मला विनंती केली. अण्णा म्हणाले, "जा. गाडी आपलीच घे. कुठं कुठं थांबतो ते बघ."

हातकणंगले मागं पडलं. मग रेनातो म्हणाला, "तुम्हाला एक विचारू? विजेच्या भट्टीला कोक लागत नाही."

"नाही लागत."

"मग कोकचा ट्रक अजून गेटवर का येतो? वॉचमनशी बोलतो, आत न येताच निघून जातो. याच रस्त्यानं जातो."

मी म्हटलं, "जुन्या ऑर्डरचा माल असेल. अण्णा दुसऱ्याला विकत असतील."

"असेल," तो म्हणाला. "पण तो ढीग भट्टीचा नाही. भट्टीच्या पत्र्याला आतून जळकी माती चिकटलेली असते. ते पत्रे आतून कोरे आहेत. तुम्ही मेटॅलर्जिस्ट आहात. तुम्ही आतून पाहिलेत का?"

मी पाहिले नव्हते. पाहायची गरजच वाटली नव्हती. मला त्याचा राग आला. अण्णांवर असा आरोप तो माझ्या तोंडावर करत होता.

कुरुंदवाडच्या अलीकडे उसाच्या फडांमागून एक करडा पट्टा वर चढताना दिसला. गुऱ्हाळाचा धूर मला ओळखू येतो. हा तो नव्हता. रेनातोनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याला थांबवू शकले असते, देवळाला उशीर होतोय म्हणून सांगू शकले असते. पण मलाही आता बघायचं होतं.

नदीकाठच्या मळीच्या रानात नवा पत्र्याचा शेड होता. शेडमधून आमची भट्टी बाहेर डोकावत होती. रसाच्या तोंडाजवळ गेल्या उन्हाळ्यात मीच बसवून घेतलेली जाड पट्टी मला लांबूनही दिसली. वर माणसं कोक टाकत होती. ती माणसंही आमचीच होती. मारुती खोत, आमचा जुना भट्टीवाला, मला बघून ओशाळला आणि मग हसला.

शेडमधून जिनेंद्र बाहेर आला. अण्णांचा जावई. त्याच्या चेहऱ्यावर भीती वगैरे काही नव्हती. "या की मृदुलाताई. अण्णांनी सांगितलं न्हाई होय तुम्हाला? मला वाटलं, तुमच्या कानावर असणार." त्यानं खुर्च्या मागवल्या, उसाचा रस मागवला. गटाराची झाकणं ओततो, म्हणाला. मागणी चांगली आहे, आता दोन पाळ्या लावणार.

रेनातोनं रस प्यायला, जिनेंद्रचा हात हातात घेतला, भट्टीला एकदा तळव्यानं थोपटलं आणि गाडीत येऊन बसला. आम्ही खिद्रापूरला गेलोच नाही.

परतताना मी वाट बघत होते, की आता तो मोबाइल काढेल, आता वर कळवेल. त्यानं काहीच केलं नाही. हातकणंगले परत आलं, तेव्हा बोलायला लागला.

"माझ्या गावात आमची फाउंड्री होती. माझे वडील तिथंच होते, मीही तिथंच मोठा झालो. कंपनीनं ती बंद केली. सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, की हवा वाचवायची आहे. काम भारतात जाईल, तिथं नवी भट्टी असेल, जुनी मोडली जाईल, म्हणजे जगातला तेवढा धूर कमी होईल. माझ्या मित्रांनी शिव्या दिल्या. मी त्यांची समजूत घालत फिरलो. मला ते खरं वाटलं होतं."

मी खिडकीची काच खाली केली.

"आता आमच्या गावात धूर नाही. इथं तुमच्या विजेसाठी कुठंतरी लांब कोळसा जळतो, तो धूर आहे. तरी तो जुन्या भट्टीपेक्षा कमी, असं मी मनाला सांगत होतो. पण ही भट्टीसुद्धा चालू आहे. मग कमी काय झालं? मी इथं तेवढंच बघायला आलो होतो, मृदुला. मला कुणाचा कारखाना नको आहे."

ते ऐकूनही माझी शंका पुरती गेली नाही. गोड बोलून मला आपल्या बाजूला ओढत असेल, असंही वाटलं. माझ्या मनाला तेव्हा तशी सवयच लागली होती.

सोमवारी अण्णांनी विचारलं, "कुठं गेला होता?"

"जिनेंद्रच्या शेडवर."

ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते, तो थांबला. "त्यानं वर कळवलं?"

"अजून नाही."

"का न्हाई? दाबून ठेवलंय. वेळ बघून काढंल." मग त्यांचा आवाज चढला. "तुझ्या डोळ्यांत दिसतंय मला, की अण्णा खोटं बोलला. बोललो. विजेच्या भट्टीवर चार माणसांत भागतंय. मारुतीला, त्याच्या पोरांना, बाकीच्यांना मी काय सांगू? हवा स्वच्छ झाली, आता घरात बसा? आणि त्यांनी तिकडचं सगळं ओतकाम माझ्याकडं लावून दिलं. त्यांचा धूर गेला, माझं काम दुप्पट झालं. त्यांच्या गावचा धूर मी घ्यायचा आणि माझी भट्टीबी मीच मोडायची?"

"मला सांगायचं होतं, अण्णा."

"तुला सांगितलं असतं, तर तूबी खोटं बोलली असतीस. ते मला नको होतं."



नव्या भट्टीचं रीतसर उद्घाटन करायला इटलीहून डायरेक्टर बाई आल्या. नाव पाओला. पांढरा शर्ट, शांत आवाज, हसरा चेहरा. कारखान्यात रांगोळी काढली होती, भट्टीला हार घातला होता. त्याआधी अण्णांच्या केबिनमध्ये बैठक होती. अण्णांनी मला सकाळीच बजावलं, "मी बोलीन तेवढंच बोल. जुन्या भट्टीचं निघालं, तर मोडली म्हणून सांग. माझी एवढी गोष्ट ऐक."

बैठकीत अण्णा, पाओलाबाई, रेनातो आणि मधे मी. उत्पादनाचं बोलणं झालं, पुढच्या भट्टीचं झालं. बाई आनंदात होत्या. दोन देश मिळून केवढा कार्बन वाचला, हे त्यांनी मोठ्या पडद्यावर चढत्या-उतरत्या रंगीत खांबांनी दाखवलं. अण्णा बरोबर त्या त्या जागी मान डोलवत होते. संपत आलं तेव्हा रेनातो म्हणाला, "मिस्टर मगदूम, मला एकच विचारायचंय. जुनी भट्टी कुठं आहे?"

मी मराठीत सांगितलं. अण्णांना ते आधीच कळलं होतं. रेनातोकडं न बघता ते मला म्हणाले, "मोडली म्हणून सांग."

केबिनमधला पंखा फिरत होता. अण्णांनी मला भट्टीजवळ उभं केलं होतं, त्यांच्यामुळंच मी आज या खुर्चीवर होते. आणि समोर भाजल्या हातांचा तो माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्यावर मी इतके दिवस पाळत ठेवली होती.

मी इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर मगदूम म्हणतात की भट्टी मोडली. मी ती चालू असताना बघितली आहे. कुरुंदवाडजवळ, त्यांच्या जावयाच्या शेडमध्ये."

अण्णांना इंग्रजी बोलता येत नसे, पण 'कुरुंदवाड' हा शब्द त्यांनी ऐकला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी पुढच्या गोष्टीची वाट बघत होते. करार मोडेल, बाई उठून जातील, माझी नोकरी तर गेलीच. पाओलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"या आवारात आहे का ती?"

"नाही."

"आपल्या कंपनीच्या नावावर?"

"नाही. जावयाच्या."

"मग ती आमच्या मोजणीत येत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात जराही कडवटपणा नव्हता. मग रेनातोकडे वळून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "रेनातो, अशा ठिकाणी असं होतंच. आम्ही पहिल्यापासून ते धरूनच चाललो होतो. त्याची काळजी तुम्ही करू नका. चला, उद्घाटनाला उशीर होतोय."

रेनातोचा चेहरा पांढरा पडला. त्या एका क्षणी माझी त्याच्याबद्दलची शेवटची शंका गेली.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

मी शब्दाला शब्द सांगितलं. काही गाळलं नाही.

"अशा ठिकाणी म्हणजे?"

"इथं. आपल्याकडं."

"धरूनच चालले होते? म्हणजे मी फसवणार, हे त्यांनी सही करायच्या आधीच ठरवलं होतं?"

"तसंच म्हणाल्या."

अण्णा उठले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. पण त्यांनी खुर्चीवरची टोपी डोक्यावर ठेवली, बाहेर जाऊन बाईंना शाल आणि नारळ दिला, बटण दाबायला त्यांना पुढं केलं, आणि टाळ्याही वाजवल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल आवरायला घेतलं होतं. दाराशी अण्णांची गाडी उभी राहिली. मागच्या सीटवर रेनातो बसला होता, गोंधळलेला. "बस," अण्णा मला म्हणाले. "त्याला सांगायला कुणीतरी पाहिजे."

शेडवर पोचलो, तेव्हा भट्टी विझवून गार केलेली होती. आदल्या रात्रीच तिथं अण्णांचा फोन गेला असणार. मारुती खोत गॅस कटर घेऊन उभा होता आणि जिनेंद्र त्याच्या आणि भट्टीच्या मधे.

"अण्णा, ही माझी भट्टी हाय," जिनेंद्र म्हणाला. "मला दिलीय तुम्ही. त्यांना काही अडचण न्हाई म्हणतात, मग तुम्हाला का?"

"त्यांना अडचण न्हाई म्हणूनच."

"म्हणजे?"

"तुला न्हाई कळायचं. माणसं माझ्याकडं परत येतील, मी तिसरी पाळी लावतो. तुला ओतलेला माल देतो, घासून-पुसून विक. पण ही उभी राहणार न्हाई."

"घरात काय सांगू मी?"

"तिला सांग, तुझ्या बापानं मोडली म्हणून."

जिनेंद्र मोटरसायकल काढून निघून गेला. पुढं वर्षभर अण्णांची मुलगी माहेरी आली नाही. दिवाळीलाही नाही. अण्णांनी त्याबद्दल कुणाकडे काही काढलं नाही.

मारुतीनं भट्टीच्या गळ्याशी ज्योत लावली. पत्रा लाल झाला, मग पांढरा, आणि वरचं तोंड एका बाजूला कलून खाली आलं. जळकी माती, काळी-करडी, भसाभसा सांडली. अण्णा शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी मला जाब विचारला नाही, शाबासकी तर नाहीच. एकदा फक्त म्हणाले, "काल तू बोललीस ते मला आवडलेलं न्हाई. पण टेबल आवरू नको."

रेनातो माझ्या कानाशी म्हणाला, "त्यांना सांगा, मी हे आजच कंपनीला लिहून कळवतो. हा धूर खरोखर थांबला, हे त्यांना कळलं पाहिजे."

मी अण्णांना सांगितलं.

"नको," अण्णा म्हणाले. "कुणाला कळवू नको म्हणावं. कळवलं, की ते पडद्यावर आणखी एक रंगीत खांब उभा करतील, आणि म्हणतील, आम्ही केलं. हे त्यांच्या मोजणीत नव्हतं. नसूच दे."

मी रेनातोला ते सांगितलं. त्यानं अण्णांकडे बघितलं. मग त्यानं अंगातला कोट काढून गाडीच्या बॉनेटवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि कापलेल्या पत्र्याचं दुसरं टोक उचलायला मारुतीसमोर जाऊन उभा राहिला.